बारीक अक्षरातला विक्रम

विक्रम खुटवडला आजवर कुणी घाबरलं असेल, तर ते निव्वळ अक्षरांमुळे. माणूस म्हणाल तर आडव्या बसलेल्या म्हशीलाही ‘जरा सरकता का’ असं विचारणारा. कात्रजच्या पुढे, महापालिकेनं नुकतंच पोटात घेतलेलं त्याचं गाव. तिथं त्याची फुलझाडांची नर्सरी होती. वडील सोनबा गेल्यापासून नर्सरी, जमीन आणि आई शकू यांचं सगळं तोच बघायचा. दारू नाही, तंबाखू नाही, आणि भांडण म्हणाल तर समोरच्यानं सुरू केलं तरी हा ते पुढे नेईल अशी खात्री नाही. पण दरवर्षी वाढदिवसाला गावच्या फाट्यावर त्याचा फ्लेक्स लागायचा, आणि त्या फ्लेक्सवरचा विक्रम म्हणजे दोन खून पचवून तिसऱ्याच्या तयारीला लागलेला इसम.

यात फोटोचा काही दोष नव्हता. फोटो चुलतबहिणीच्या लग्नातला, फेटा बांधलेला, हसरा. सगळी करणी अक्षरांची. ‘विक्रमशेठ’ हा शब्द असा जाड आणि असा पुढे झुकलेला की वाचणाऱ्यानं एक पाऊल मागं घ्यावं. शिरोरेषेला कोयत्याची धार, वेलांटीला तलवारीचं टोक. कडेनं सोनेरी रेघ, खालून लाल सावली, आणि ती सावलीही थेंब गळाल्यासारखी. खाली त्याच अक्षरात ‘नाद करायचा नाय’. त्याच्याही खाली काळे गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची रांग, आणि त्या रांगेत सगळ्यात मोठा फोटो मच्छिंद्रचा.

मच्छिंद्र हा विक्रमचा शाळेपासूनचा दोस्त. जेसीबीची कामं घ्यायचा. फ्लेक्सचं खातं त्याच्याकडे होतं, आणि त्याचं म्हणणं अगदी सरळ होतं: दोस्ताचं नाव बारीक लिहिणं म्हणजे दोस्ताला कमी लेखणं. अक्षर लांबून बघितलं तरी दम दिल्यासारखं वाटलं पाहिजे. विक्रमला ते अक्षर कधीच आवडलं नाही. पण मच्छिंद्र इतक्या हौसेनं करायचा, की दरवर्षी विक्रम फ्लेक्सखाली उभा राहून केक कापायचा आणि घरी येऊन गप्प जेवायचा. नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

गंमत होती तोवर ठीक होतं. लग्नाचं बघायला लागल्यावर त्या अक्षरांनी डाव साधला. मुलाची चौकशी करायला येणारे लोक येतात ते फाट्यावरूनच, आणि बोर्ड उतरवायची घाई आपल्याकडे कुणालाच नसते. साताऱ्याकडचे एक पाहुणे बोर्ड बघून फाट्यावरूनच गाडी वळवून गेले. दुसऱ्या एका मुलीच्या मामानं तर मध्यस्थाला आडून आडून विचारलं, की मुलगा बाहेर कधी आला. आता विक्रम आत कधी गेलाच नव्हता, तर बाहेर कुठून येणार? पण असल्या प्रश्नाला उत्तर द्यायला लागलं की अर्धं स्थळ तिथंच गेलं म्हणून समजा.

अशात विक्रमच्या कौशल्यामावशीनं पूर्णिमाचं स्थळ काढलं. मावशी कर्वेनगरला राहायची. पूर्णिमा तिच्याच सोसायटीतली, शाळेत गणित शिकवायची. मावशीकडच्या सत्यनारायणाला दोघांची गाठही पडली होती. पूर्णिमानं बाल्कनीतला सुकलेला कढीपत्ता दाखवून काय करावं म्हणून विचारलं होतं, आणि विक्रमनं माती चिमटीत घेऊन, वास घेऊन, ‘पाणी कमी करा, त्याला तुमच्या मायेचा त्रास होतोय’ असं सांगितलं होतं. ती हसली होती. विक्रमला ती आवडली. आवडली म्हणजे सरळ आवडली, यात अलंकारिक असं काही नाही. घरी जाताना कात्रजच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी हा उभाच, आणि मागचे लोक हॉर्नच्या भाषेत त्याचं कौतुक करत होते.

पूर्णिमाचे वडील बापूराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. शब्द मोजून वापरायचे आणि उरलेले परत खिशात ठेवायचे. त्यांच्या फोनवर कुणीतरी गेल्या वर्षीच्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. बापूरावांनी तो मावशीसमोर धरला आणि ‘हेच आपले भाचे का?’ एवढंच विचारलं. मावशीनं बिचारीनं जीव तोडून सांगितलं, की हे मित्रांचं खूळ आहे, पोरगा सोन्यासारखा आहे, एकदा घर तर बघा. पूर्णिमानंही बघायला काय हरकत आहे म्हटलं. शेवटी बापूरावांनी एका रविवारी यायचं कबूल केलं. आणि विक्रमचं नशीब असं, की वाढदिवस नेमका त्याच रविवारी.

बोर्डच लावू नये, असंही करता आलं असतं. पण फाट्यावर ज्याचा बोर्ड लागत नाही त्याचं गावाशी काहीतरी बिनसलंय, असं गाव धरून चालतं. शिवाय विक्रमच्या मनात एक लबाडीही होती, आणि ती इतकी निरुपद्रवी होती की तिला लबाडी म्हणायचं जिवावर येतं. बापूराव फाट्यावरूनच येणार होते. अक्षरांनी घालवलंय, तर अक्षरांनीच परत आणावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं मच्छिंद्रला सांगितलं, की या वर्षीचा फ्लेक्स मी करून घेतो. मच्छिंद्र जरा नाराज झाला. पण त्याचं सासवडला काम चालू होतं, मुक्कामही तिकडंच. ‘कर बाबा, पण मोठा कर’ असं बजावून तो गेला.

मावशीच्याच इमारतीत नम्रता नावाची मुलगी भाड्यानं राहायची. मूळची वाशिमची, कलेचं शिक्षण पुण्यात झालेलं, पुस्तकांची मुखपृष्ठं आणि लग्नपत्रिका करायची. फ्लेक्स तिनं जन्मात केला नव्हता. विक्रमची हकिकत ऐकल्यावर मात्र तिला चेव आला. तिनं ‘विक्रम खुटवड’ हे नाव संगणकावर एकामागून एक निरनिराळ्या अक्षरांत लिहून दाखवलं. एका अक्षरात तो तहसील कचेरीच्या नोटिशीसारखा दिसला, समक्ष हजर राहा म्हणणारा. दुसऱ्यात वेफर्सच्या पुडीसारखा, कारण नसताना खिदळणारा. तिसऱ्यात एखाद्या जुन्या काढ्याच्या बाटलीवरून उतरून आल्यासारखा. नाव तेच, वेलांटी-उकार तेच, आणि दर वेळी माणूस निराळा. विक्रमला ते बघून जरा भीतीच वाटली.

मग तिनं एक अक्षर लावलं. बारीक, सारख्या जाडीचं, टोकं हलकी गोलावलेली, दोन अक्षरांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा. वेलांटी उगाच पुढं पळत नव्हती, उकार आपल्या जागी नीट मांडी घालून बसला होता.

“हा माणूस आधी ऐकून घेतो आणि मग बोलतो,” नम्रता म्हणाली.

विक्रम पडद्याकडे बघत राहिला. स्वतःचं नाव त्याला आयुष्यात पहिल्यांदा आवडलं. पुढचं सगळं मग तिनं सांगितलं आणि यानं मान डोलावली. पाठीमागं दुधाळ पांढरा रंग. फोटो लहान, फेट्याशिवाय. भरपूर मोकळी जागा, कारण मोकळी जागा म्हणजे अदब. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ फार गलका करतं, म्हणून वर लहान अक्षरात नुसतं ‘अभीष्टचिंतन’. नर्सरीवाला माणूस म्हणून एका कोपऱ्यात जुईची डहाळी. शुभेच्छुकांच्या फोटोंचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, की त्यांनी सगळा तोल जाईल. यावर विक्रम जरा जास्तच चटकन हो म्हणाला. मच्छिंद्रचा गॉगल बापूरावांच्या नजरेला पडणार नाही, म्हणून त्याला मनातून बरंच वाटलं. ही गोष्ट त्यानं स्वतःलासुद्धा नीट सांगितली नाही.

नम्रताला अक्षरांचे सगळे स्वभाव माहीत होते. फाट्याचा स्वभाव माहीत नव्हता. विक्रमला फाट्याचा माहीत होता, पण त्या दिवशी तो कर्वेनगरात होता, आणि कर्वेनगरात बसून कर्वेनगरासारखंच दिसतं.

गावात जिवंत माणसाचं नाव बारीक अक्षरात लिहायची रीतच नव्हती. पोरगं पहिलीत गेलं तरी त्याचा फ्लेक्स जाड अक्षरात. सोसायटीच्या निवडणुकीत पडलेल्या माणसाचाही जाड अक्षरात. पांढरा रंग, मोकळी जागा, एक फूल आणि आवाज न करणारं अक्षर हे फक्त एकाच प्रसंगाला. सोनबा गेले तेव्हा त्यांचाही असाच लागला होता. आणि बोर्ड वाचतो कोण? लोक बोर्ड बघतात. वाचायचं झालंच तर बघून झाल्यावर, आणि तेही जे दिसलं तेच.

रविवारी उजाडता उजाडता छापखान्याची पोरं आली, फ्लेक्स फाट्यावर ताणून बसवला आणि निघून गेली. ती शहरातली, त्यांना कोण मेलं कोण जगलं याचं सोयरसुतक नव्हतं. पहिल्यांदा बोर्ड बघितला तो मथुराबाईनं. म्हातारी डेअरीवर दूध घालायला निघालेली. तिला अक्षरओळख नव्हती, पण वाढदिवसाचं अक्षर कुठलं आणि मौतीचं कुठलं हे तिला लांबून कळायचं. ती कॅन खाली ठेवून रस्त्यातच बसली. मग न्हाव्यानं शटर अर्धं खाली ओढलं. शिकलेल्यांनी ‘अभीष्टचिंतन’ वाचलंही, पण त्या अक्षरात काहीही लिहिलं असतं तरी गावानं त्याचा एकच अर्थ लावला असता. शुक्रवारी तर बघितला होता की, असं एक जण म्हणाला. दुसऱ्यानं हार्ट म्हणून सांगितलं, हल्ली तरण्यांनाच येतो. तिसऱ्यानं त्यात बीपीची भर घातली. विक्रमला फोन करून खात्री करून घ्यावी, असं कुणाच्या मनात आलं नाही. मेलेल्या माणसाला फोन करायची आपल्याकडे पद्धत नाही.

घर फाट्यापासून आत, नर्सरीच्या पलीकडं. तिथं यातलं काहीच पोचलं नव्हतं. शकू पोह्यांसाठी कांदा चिरत होती. विक्रम आतल्या खोलीत नव्या शर्टाला इस्त्री फिरवत होता, आणि बापूरावांनी अमुक विचारलं तर तमुक सांगायचं, अशी मनात उजळणी करत होता. पाहुणे पुन्हा फाट्यावरूनच परत गेले तर काय, एवढीच एक धास्ती.

तेवढ्यात ओसरीवर मथुराबाईचा हंबरडा ऐकू आला. तिनं शकूला मिठी मारली. आता बायकांची रीत अशी, की रडणाऱ्या बाईच्या गळ्यात आधी पडायचं आणि कोण गेलं ते मागून विचारायचं. कांद्यानं शकूचे डोळे भरलेलेच होते. मथुराबाईच्या घरातलं कुणीतरी गेलं असं धरून तिनंही गळा काढला. तो आवाज ऐकून मथुराबाईच्या मागोमाग आलेल्या बायकांची उरलीसुरली शंका फिटली. बघता बघता अंगण भरलं. पुरुष टोप्या काढून भिंतीकडेनं बसले.

मथुराबाई रडताना एकेक आठवण काढत होती. तिचा म्हातारा आजारी पडला तेव्हा विक्रमनंच त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आणि रोज डबा पोचवला, आणि गावात कुणाला बोलला नाही. मग दुसरीनं काढली, तिच्या पोरीला रोपं बांधायचं काम दिलं आणि त्या पैशातून कॉलेजची फी भरायला लावली. शकू रडता रडता थांबली. हे सगळं आपल्या विक्रमबद्दल कशाला चाललंय, ते तिला कळेना.

इतक्यात विक्रम कंगवा हातात घेऊन बाहेर आला.

मथुराबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं, उठून त्याचा दंड चाचपला, आणि मग जी काय शिव्यांची लाखोली वाहिली ती इथं सांगण्यासारखी नाही. आत्तापर्यंत कौतुक करणारे लोक क्षणात उखडले. सकाळ वाया गेली म्हणून एक जण पुटपुटला. जिवंत होतास तर तसा बोर्ड लावायचा, असं एका म्हाताऱ्यानं त्याला तोंडावर सुनावलं. आपण मेलो नाही याबद्दल विक्रमनं चक्क माफी मागितली. लोक मात्र गेले नाहीत. आलोच आहोत तर बसू, असं करून बसून राहिले.

आणि पाहुण्यांची गाडी त्याच वेळी अंगणाशी येऊन थांबली. गाडीतून बापूराव, पूर्णिमा आणि कौशल्यामावशी उतरले. त्यांच्या मागोमाग एक स्कूटर आली, तिच्यावर दोघे जण, मागच्याच्या खांद्यावर बांबू आणि पुढच्याच्या पायांत मडकं. गावातल्या लोकांची ही तत्परता एरवी नळाच्या पाण्यासाठी दिसत नाही.

बापूरावांनी बांबूकडं बघितलं, मडक्याकडं बघितलं, मग भिंतीकडेच्या म्हाताऱ्याला विचारलं, की आज काही कार्यक्रम आहे का.

“व्हता,” म्हातारा म्हणाला. “आता न्हाई.”

मावशीनं नंतर सांगितलं ते असं. बापूरावांनी फाट्यावर गाडी थांबवून तो बोर्ड बघितला होता. बराच वेळ बघितला, आणि ‘अभिरुची आहे’ म्हणाले. चौकशीची सवय, म्हणून चहावाल्याला मुलगा कसा आहे ते विचारलं. चहावाला हात जोडून ‘देवमाणूस होता’ म्हणाला, आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत. बापूरावांना वाटलं, गावाकडची बोली असेल. ते खूश होऊन आले होते.

विक्रमनं पेले भरले. पाण्याचा ट्रे घेऊन तो पुढं झाला. तेवढ्यात फाट्याकडून मोटारसायकल आली, ती बंद न करताच खाली पडली, आणि मच्छिंद्र धावत अंगणात शिरला. गावातून कुणाचा तरी फोन गेल्यावर सासवडहून तसाच निघालेला. अंगावर मुरमाची धूळ, एकाच पायात चप्पल, आणि पोरासोरांसारखा ओक्साबोक्शी रडत होता. कुणाकडं न बघता तो शकूच्या पायांवर पडला. मी इथं असायला पाहिजे होतो काकी, मी असतो तर त्याला जाऊ दिला नसता, असं काहीबाही म्हणत राहिला.

शकूनं नुसतं विक्रमकडं बोट केलं.

मच्छिंद्रनं मान वर केली. उठला, चालत आला, आणि विक्रमच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की ट्रे खाली, पेले अंगणभर. मग त्यानं विक्रमला आवळून धरलं आणि आणखी मोठ्यानं रडायला लागला. विक्रमचा गाल झणझणत होता, नवा शर्ट मुरमानं माखला होता, आणि त्यालाही रडू आलं.

“तुझ्या बोर्डावर माझा फोटो नव्हता रे,” मच्छिंद्र म्हणाला. “म्हणून मला खरं वाटलं. मेलेल्याच्याच बोर्डावर दोस्तांचे फोटो नसतात.”

फोटो कुणी गाळले आणि कशासाठी गाळले, ते विक्रमला पक्कं माहीत होतं. शरमेनं त्याचे कान तापले. पूर्णिमानं खाली पडलेला पेला उचलला, रांजणाच्या पाण्यानं विसळला, भरला आणि मच्छिंद्रच्या हातात दिला. तो घटाघटा प्यायला आणि ती कोण हे लक्षात आल्यावर ओशाळून ओसरीच्या पायरीवर जाऊन बसला.

तरीही बघण्याचा कार्यक्रम झाला. मावशीनं पाहुण्यांना आत नेऊन बसवलं, शकूनं पोहे दिले, विक्रम शर्ट झटकून समोर बसला. दार उघडंच होतं. बाहेर गाव बसलं होतं आणि आपल्याला काही ऐकू येत नाही असा चेहरा करून सगळं ऐकत होतं. बापूरावांनी पोहे संपवले, चहाचा एक घोट घेतला आणि मुद्द्यावर आले.

“मी स्पष्ट सांगतो. जुना बोर्ड पाहून माझं मत वाईटच होतं. आज फाट्यावरचा पाहिला आणि वाटलं, हा माणूस आपल्यासारखा आहे. त्या अक्षरावर विश्वास ठेवून मी इथवर आलो. तुमची शेती चांगली, नर्सरी चांगली, लोक चांगलं बोलतात. माझी एकच अट आहे. ते भडक बोर्ड आणि ही मंडळी, हे बंद करायचं. यापुढे तुमचं नाव लागेल ते आजच्यासारखंच लागेल.”

सगळ्या जगात या क्षणी सोपं काही असेल, तर ते ‘हो’ म्हणणं. विक्रमनं जन्मभर तेच केलं होतं. मच्छिंद्रला हो, नम्रताला हो. आता आणखी एक हो, की पूर्णिमा या घरात येणार. त्यानं तिच्याकडं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती. त्याला ती हवी होती. पायरीवर मच्छिंद्र पाठमोरा बसलेला, खांद्यांवर धूळ, आणि त्यानं मान खाली घातलेली दिसत होती.

“काका, ते अक्षर मला आवडतं,” विक्रम म्हणाला. “पण ते मी तुमच्यासाठी करून घेतलं, तुम्ही फाट्यावरून परत जाऊ नये म्हणून. या मित्रांचे फोटोसुद्धा त्याचसाठी गाळले. मला यांची लाज वाटली. तसं वाटायला नको होतं. त्या अक्षरात तुम्हाला मी बरा दिसलो, पण इथं कुणाला मी जिवंत दिसलो नाही. ज्यांच्यात राहायचं त्यांना मी मेलेला दिसणार असेन, तर ते अक्षर माझं नव्हे. मच्छिंद्रचंही अक्षर माझं नव्हे, ते मी त्याला आज सांगेन. पण मच्छिंद्र बंद होणार नाही.”

इतकं लांब तो कधी बोलला नव्हता.

बापूरावांनी कप बशीत ठेवला. रुमालानं ओठ टिपले.

“बरं आहे,” ते म्हणाले. “आम्ही कळवतो.”

मुलगी बघणाऱ्यांनी किंवा दाखवणाऱ्यांनी ‘कळवतो’ म्हटलं, की त्याचा अर्थ काय, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. शकूनं पदर तोंडाला लावला. मावशी नाइलाजानं उठली. विक्रमला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण केलेल्याचा पस्तावा काही होईना, आणि याचंच त्याला नवल वाटत होतं. बापूराव उठले, चष्म्याची डबी खिशात टाकली आणि दाराकडं वळले.

पूर्णिमा उठली नाही.

“कळवायचं कशाला, बाबा?” ती म्हणाली. “माणूस समोर बसलाय. माझं हो आहे. त्यांचं काय ते त्यांना विचारा.”

बापूराव दारातच थांबले. बाहेर सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं. मग ते परत येऊन खुर्चीत बसले.